छळ आणि हिंसा यांच्यामधली माणसं

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि तिला लागूनच असलेलं वांता हे शहर. तिथल्या एका शाळेत २ एप्रिल २०२४ रोजी सकाळी बारा वर्षांच्या मुलानं आपल्या वर्गातल्या मुलांवर गोळ्या झाडल्या. एक मुलगा मरण पावला, दोन मुली गंभीर जखमी झाल्या. बंदूक जवळच्या नातेवाइकाची होती. दुसऱ्या दिवशी देशभर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवले गेले. आपला छळ होत होता, असं त्या मुलानं चौकशीत सांगितल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. त्या शाळेत तो वर्षाच्या सुरुवातीलाच दाखल झाला होता. फिनलंडच्या शाळा पाहायला जगभरातले शिक्षणतज्ज्ञ जातात. शाळेतला छळ रोखण्याचा एक अतिशय गाजलेला कार्यक्रमही याच देशात तयार झाला. तिथे हे घडलं.

अशी बातमी आली की दोन मतं लगेच ऐकू येतात. एक म्हणतं, ‘सगळ्यांनी मिळून छळलं, म्हणून त्यानं बंदूक उचलली.’ दुसरं म्हणतं, ‘चिडवाचिडवी कुठल्या शाळेत होत नाही? हे मूलच मुळात बिघडलेलं असणार.’ गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर जे काम झालं आहे, ते नीट पाहिलं तर दोन्ही मतं अपुरी पडतात. छळातून हिंसा आपोआप निपजत नाही. पण छळापासून हिंसेपर्यंतची एक वाट आहे. ती चालायला मुलाला महिने, कधी वर्षं लागतात आणि तो ती बहुधा इतरांच्या डोळ्यांदेखत चालतो. त्या वाटेवर वर्गमित्र असतात, शिक्षक असतात, पालक असतात, कधी पोलिसही असतात. या मधल्या माणसांनी काय केलं आणि काय केलं नाही, यावर पुढचं बरंच ठरतं.

भांडण कोणतं, छळ कोणता

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास रुजला तो नॉर्वे-स्वीडनमध्ये. दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात स्वीडनमधल्या मुलग्यांचा अभ्यास केला, तेव्हा बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८२ सालाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेत १० ते १४ वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे वर्गमित्रांनी केलेला छळ असावा, असं पुढे आलं. देश हादरला. १९८३ मध्ये नॉर्वेच्या शिक्षण मंत्रालयानं देशव्यापी मोहीम काढली आणि ओल्वेउसनी तयार केलेली प्रश्नावली शाळाशाळांत गेली. प्राथमिक व माध्यमिक शाळांतल्या ५ लाख ६८ हजार मुलांपैकी सुमारे १५ टक्के, म्हणजे साधारण ८४ हजार मुलं छळणारी किंवा छळली जाणारी म्हणून या प्रश्नात अडकलेली आहेत, असा अंदाज त्यातून निघाला.

ओल्वेउसनी सांगितलेल्या तीन खुणा आजही प्रमाण मानल्या जातात. त्रास देण्याचा हेतू असतो, त्रास पुन्हा पुन्हा दिला जातो आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. मधल्या सुट्टीत दोन मुलांची झोंबाझोंबी झाली आणि दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा एका बाकावर बसले, तर ते भांडण. पण एकाच मुलाचा डबा रोज कुणीतरी लांबवतं, दप्तर खिडकीतून खाली जातं, हजेरीच्या वेळी त्याचा नंबर आला की मागून ठरलेला आवाज निघतो, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो विद्रूप करून फिरतो आणि मग त्याला ग्रुपमधून काढलं जातं. तो धीर करून म्हणतो, ‘सर, हे मला त्रास देतात.’ सर म्हणतात, ‘तू लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबतील.’ हा छळ. सरांचा हेतू वाईट नसतो. पण त्या एका वाक्यानं त्या मुलाला कळतं की आपल्याला इथे कुणी नाही, आणि बाकीच्यांना कळतं की हे चालतं.

युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगातल्या ३२ टक्के, म्हणजे जवळपास दर तिघांतल्या एका विद्यार्थ्याला आधीच्या महिन्यात निदान एकदा तरी बरोबरीच्या मुलांकडून असा त्रास झालेला होता.

कोलंबाइन: गोष्ट आणि वस्तुस्थिती

छळ आणि शाळेतली हिंसा यांची सांगड जगाच्या मनात पक्की बसली ती २० एप्रिल १९९९ रोजी. अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार करून स्वतःला संपवलं. काही तासांतच दूरचित्रवाणीवर गोष्ट तयार झाली: खेळाडू मुलांनी छळलेल्या, एकट्या पडलेल्या दोघांनी सूड घेतला.

पुढे तपासाची कागदपत्रं उघड झाली तशी ही गोष्ट टिकेना. पत्रकार डेव्ह कलन यांचं २००९ मधलं ‘कोलंबाइन’ हे पुस्तक दाखवतं की त्या दोघांनी खेळाडूंना वेचून मारलं नव्हतं. उपाहारगृहात बॉम्ब ठेवून सरसकट शेकडो माणसं मारण्याचा त्यांचा बेत होता आणि बॉम्ब फुटले नाहीत म्हणून तो फसला. त्यांना मित्र होते. एकाच्या मनात जगाविषयी थंड तुच्छता होती, तर दुसरा खोल नैराश्यात बुडालेला होता. उलट, समाजशास्त्रज्ञ राल्फ लार्किन यांनी २००७ मध्ये त्या शाळेतल्या दादागिरीचे आणि ती खपवून घेणाऱ्या वातावरणाचे पुरावे मांडले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर एवढं म्हणता येतं: त्या शाळेत छळ होता, पण त्या हत्याकांडाचं तेवढंच कारण नव्हतं.

या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद मात्र वेगळीच आहे. घटनेच्या वर्षभर आधी एका सहविद्यार्थ्याच्या पालकांनी या दोघांपैकी एकाच्या वेबसाइटवरच्या धमक्यांची आणि बॉम्बच्या बढायांची छापील पानं घेऊन शेरीफच्या कार्यालयात तक्रार केली होती. घरझडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशांपुढे गेलाच नाही.

आकडे काय सांगतात

कोलंबाइननंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं शिक्षण खात्याच्या मदतीनं शाळेवरच्या जुन्या हल्ल्यांचा अभ्यास हाती घेतला. २००२च्या अहवालात १९७४ ते २००० या काळातल्या ३७ घटना आणि ४१ हल्लेखोर तपासले आहेत. त्यांतल्या ७१ टक्के हल्लेखोरांना हल्ल्यापूर्वी इतरांकडून छळ, धमकी किंवा इजा झाल्याची भावना होती. २००८ ते २०१७ मधल्या ४१ हल्ल्यांवरचा दुसरा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात तपशील मिळालेल्या हल्लेखोरांपैकी ८० टक्के मुलांना वर्गमित्रांनी छळलेलं होतं.

हे आकडे मोठे आहेत, म्हणूनच ते उलटे वाचण्याची चूक सहज होते. छळ सोसणारी मुलं जगात कोट्यवधी आहेत आणि शस्त्र उचलणारी बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून छळ झालेल्या मुलाकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून पाहणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. हल्लेखोरांच्या आयुष्यात छळाच्या जोडीला आणखीही काही आढळतं: दीर्घ नैराश्य, घरातली उलथापालथ, आधीच्या हत्याकांडांचं वेड आणि हाताशी शस्त्र. २०१९च्या अहवालातल्या बंदूकधाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना बंदूक स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळाली होती.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र यानंतरचा आहे. २००२च्या अहवालातल्या ८१ टक्के घटनांत निदान एका व्यक्तीला हल्लेखोराच्या मनात काय आहे याची आधी कल्पना होती, आणि हे जाणणारे बहुतेक जण वर्गमित्र, मित्र किंवा भावंडं होते. सीक्रेट सर्व्हिसनंच २०२१ मध्ये वेळीच उधळलेल्या ६७ कटांचा अभ्यास केला. ते बहुतांशी अशासाठी उधळले गेले, की कुणीतरी, बहुधा एखाद्या विद्यार्थ्यानं, जे ऐकलं ते मोठ्यांना सांगितलं.

हेच चित्र फिनलंडमध्येही दिसतं. योकेला इथे ७ नोव्हेंबर २००७ रोजी एका विद्यार्थ्यानं आठ जणांना ठार केलं. अधिकृत चौकशीत तो शाळेत वर्षानुवर्षं छळला गेल्याचं आढळलं. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २००८ रोजी, काउहायोकी इथे दहा जण मारले गेले. तिथल्या हल्लेखोराला इंटरनेटवर टाकलेल्या गोळीबाराच्या चित्रफितींबद्दल पोलिसांनी आदल्याच दिवशी बोलावून विचारपूस केली होती. बंदूक त्याच्याकडेच राहू दिली.

बहुतेकांचा घाव आतच राहतो

बातमी होते ती बाहेर उसळलेल्या हिंसेची. छळ सोसणारी बहुसंख्य मुलं मात्र कुणालाच इजा करत नाहीत. ती शाळा बुडवतात, पोटदुखीचं कारण सांगतात, अभ्यासात मागे पडतात, स्वतःलाच दोष देतात. १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या ब्रिटिश मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. त्यातल्या ७,७७१ मुलांच्या नोंदी २०१४ मध्ये तपासल्या गेल्या. सात आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वरचेवर छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता अधिक होती, मिळकत आणि माणसांचा गोतावळा कमी होता. चाळीस वर्षांनीही परिणाम पुसला गेला नव्हता.

छळणाऱ्या मुलांचंही बरं होत नाही. ओल्वेउसच्या पाठपुराव्यात सहावी ते नववीत छळ करणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांना चोविसाव्या वर्षापर्यंत किमान एका गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. वर्गातली दादागिरी खपून जाते तेव्हा त्या मुलाला एक धडा मिळतो, आणि तो धडा तो शाळेबाहेर घेऊन जातो. सर्वांत बिकट अवस्था दोन्ही बाजूंना असलेल्यांची होते. एकीकडून मार खाणारी आणि दुसरीकडे आपल्याहून दुबळ्याला मारणारी मुलं मोठेपणी मानसिक आजारांना सर्वाधिक बळी पडतात, असं अमेरिकेतल्या १,४२० मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१३ मध्ये दिसलं.

पाहणारे

टोरांटोतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात एक साधी गोष्ट केली. प्राथमिक शाळेच्या मैदानावर दुरून कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर छोटे बिनतारी मायक्रोफोन बसवले. शिक्षकांना जे दिसत नव्हतं, ते चित्रफितींत दिसलं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. एका मुलाला नुसतं ‘ए, सोड त्याला’ म्हणायला लागतो तेवढा हा वेळ.

फिनलंडच्या क्रिस्तीना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये अशाच निरीक्षणाला आकार दिला. वर्गात छळणारा आणि सोसणारा एवढेच दोघं नसतात. साथ देणारे असतात, हसून पेटवणारे असतात, नजर चुकवणारे असतात आणि पाठीशी उभे राहणारे थोडे असतात. छळणाऱ्याला त्या हसण्यातून मान मिळतो. तो मान मिळेनासा झाला की त्याची उमेद जाते.

पाहणाऱ्यांत मोठेही येतात. टोकियोतल्या एका माध्यमिक शाळेत १९८५च्या अखेरीस मुलांनी एका जिवंत वर्गमित्राची खोटी अंत्ययात्रा केली. त्याच्या बाकावर फुलं ठेवली, उदबत्ती लावली आणि निरोपाच्या कार्डावर साऱ्या वर्गाच्या सह्या घेतल्या. त्या कार्डावर चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. मुलांची थट्टा समजून त्यांनी त्या केल्या होत्या. दोन-तीन महिन्यांनी, १९८६च्या फेब्रुवारीत, त्या मुलानं जीव दिला. शालेय छळ हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे जपानमध्ये ठळक झालं ते अशा प्रकरणांमुळे.

गाव कसं बदलतं

शाळेत रक्त सांडलं की ते त्या शाळेपुरतं राहत नाही. अमेरिकेत २००८ ते २०१३ दरम्यान गोळीबार झालेल्या ४४ शाळांच्या परिसरातली औषधविक्री अर्थशास्त्रज्ञांनी तपासली. जिथे माणसं दगावली, तिथे शाळेच्या पाच मैलांच्या परिसरातल्या तरुण मुलांना दिलेल्या नैराश्यावरील औषधांचं प्रमाण पुढच्या दोन वर्षांत २१ टक्क्यांनी वाढलं होतं. यात गोळी न लागलेली, शेजारच्या शाळांतली मुलंही आली. कोलंबाइनचे मुख्याध्यापक फ्रँक डीअँजेलिस २०१४ पर्यंत शाळेत राहिले. घटनेच्या वेळी त्या भागात बालवाडीत असलेली मुलं शाळेतून बाहेर पडेपर्यंत आपण जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. जखम किती लांबवर पोचली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे गावावर उठणारा वण बहुधा वेगळ्या रूपात दिसतो. १६ ऑगस्ट २०२४ रोजी उदयपूरच्या सरकारी शाळेतल्या दहावीच्या दोन मुलांत वाद होऊन एकानं दुसऱ्याला चाकूनं भोसकलं. दोघं वेगवेगळ्या धर्मांचे होते. संध्याकाळपर्यंत गाड्या जळाल्या, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी आरोपी मुलाचं कुटुंब भाड्यानं राहत असलेलं घर पाडलं गेलं. जखमी मुलगा १९ तारखेला गेला. शिक्षा म्हणून घर पाडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. दोन मुलांचं वैर ओळखण्याची संधी शाळेकडे होती की नव्हती, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारला नाही. मुलांच्या भांडणात मोठ्यांनी आपलं भांडण घुसवलं की मुलांचं काय चुकलं, हे समजून घेण्याची वाटच बंद होते.

उपाय: काय चाललं, काय नाही

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो कडक शिक्षेचा. अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘शून्य सहनशीलता’ धोरणाखाली मुलांना सरसकट निलंबित केलं जाऊ लागलं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटानं २००८ मध्ये पुरावे तपासून सांगितलं की यानं शाळा अधिक सुरक्षित झाल्याचं दिसत नाही. हाकललेलं मूल राग घेऊन जातं, आणि शिक्षा इतकी मोठी आहे हे पाहून बाकीची मुलं तक्रार करायला कचरतात.

चाललेले उपाय संथ आहेत. नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या ४२ शाळांत सुमारे अडीच हजार मुलांवर ओल्वेउसनी राबवलेल्या कार्यक्रमानं दोन वर्षांत छळ जवळपास निम्म्यावर आणला. तुर्कू विद्यापीठात साल्मिवाल्लींच्या पुढाकारानं तयार झालेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९ पासून फिनलंडभर गेला. त्यात वर्षभर वर्गात पाहणाऱ्यांच्या भूमिकेवर पाठ घेतले जातात. छळाची घटना कळली की प्रशिक्षित शिक्षकांचा छोटा गट आधी सोसणाऱ्या मुलाशी बोलतो, मग छळणाऱ्यांशी एकेकटं बोलतो आणि प्रत्येकाकडून ‘मी उद्यापासून काय करीन’ हे ठरवून घेतो. दोन आठवड्यांनी पुन्हा बसून ते झालं का, हे पाहतो. वर्गातल्या वजनदार मुलांना सोसणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायला वेगळं सांगितलं जातं. जगभरच्या अशा कार्यक्रमांच्या एकत्रित अभ्यासात २०१९ मध्ये दिसलं की छळ करण्याचं प्रमाण सुमारे १९-२० टक्क्यांनी आणि सोसण्याचं १५-१६ टक्क्यांनी घटतं. आकडा डोळे दिपवणारा नाही, आणि वांतानं दाखवलं की चांगला कार्यक्रमही हमी देत नाही. तरी सहा-सात मुलांमागे एकाची सुटका होत असेल, तर ते थोडं नाही.

कोलोराडोनं २००४ मध्ये ‘सेफ टू टेल’ सुरू केलं. नाव न सांगता धोक्याची खबर देता येईल अशी ही राज्यव्यापी सोय आहे. जपाननं ओत्सु शहरातल्या २०११च्या प्रकरणानंतर २०१३ मध्ये शालेय छळ रोखण्याचा कायदा केला. ओत्सुत तेरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर वर्गमित्रांनी प्रश्नावलीत छळाबद्दल लिहून दिलं होतं आणि शिक्षण मंडळानं ते दडपलं होतं. आज जपानमध्ये दर वर्षी शाळांनी नोंदवलेल्या छळाच्या घटना प्रसिद्ध होतात. २०२३च्या शैक्षणिक वर्षात त्या ७ लाख ३२ हजारांवर गेल्या. तिथलं शिक्षण मंत्रालय जास्त नोंदी म्हणजे शाळेचं लक्ष आहे असं मानतं. शून्य नोंद असलेल्या शाळेला पुन्हा तपासायला सांगतं.

आपल्याकडे

भारतात हा विषय कायद्यात आला तो रॅगिंगच्या वाटेनं. महाराष्ट्रानं १९९९ मध्येच रॅगिंगबंदी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड हे त्यातलं लोकांना माहीत असतं. त्याहून मोलाचं कलम दुसरं आहे: तक्रार येऊनही संस्थाप्रमुखानं कारवाई केली नाही, तर त्यानं गुन्ह्याला साहाय्य केलं असं धरलं जातं. म्हणजे मधल्या माणसाची जबाबदारी आपल्या कायद्यानं तेव्हाच ओळखली होती. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात रॅगिंगनं एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आणि देशव्यापी हेल्पलाइन आली. तरी २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या आदिवासी निवासी डॉक्टरनं जीव दिला, आणि वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप पुढे आला.

हे सगळं मुख्यतः महाविद्यालयांभोवती फिरतं. शालेय छळासाठी देशात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०१५ मध्ये शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत निदान एक समुपदेशक असावा असा निर्देश दिला. आपल्याकडे गोळीबार होत नाही, या समजात राहण्याचंही कारण नाही. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाला दोन वर्गमित्रांनी गोळ्या घातल्या. तो आम्हाला त्रास द्यायचा, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं.

आपल्या वर्गांत छळाला तयार हत्यारं समाज पुरवतो: आडनाव, रंग, बोलीचा हेल, वडिलांचा धंदा, पंचवीस टक्के राखीव जागांतून मिळालेला प्रवेश. मुलं हे शब्द घरून शिकून येतात. त्यामुळे शाळेत समिती नेमून घरात तसंच बोलत राहिलो, तर समितीचा कागदच उरेल.

करण्यासारखं बरंच काही पैशांवाचून होण्यासारखं आहे. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणायचं नाही. बसवून ऐकायचं, लिहून घ्यायचं, आठवड्यानं पुन्हा विचारायचं. सांगणाऱ्या मुलाला चहाडखोर ठरवायचं नाही. घरात शस्त्र असेल तर कुलूप लावायचं. मुलांना १०९८ आणि १४४१६ हे मदतीचे क्रमांक पाठ असायला हवेत. आणि पुढच्या पालकसभेत टक्केवारी, सहल आणि गणवेश यांच्याबरोबर एक प्रश्न विचारायचा: यंदा आपल्या शाळेत छळाच्या किती तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांचं पुढे काय झालं? ‘आमच्याकडे एकही नाही’ असं उत्तर आलं, तर समाधान मानून घरी जायचं नाही. दर तिघांतलं एक मूल सोसत असताना शून्य हा आकडा एवढंच सांगतो की त्या शाळेत मुलं बोलत नाहीत. ती का बोलत नाहीत, याचा शोध त्याच सभेत सुरू व्हायला हवा.